तिसऱ्या वळणावरची वही

पणजोबांनी घोडागाड्यांच्या दारांवर मालकांची नावे रंगवली. त्यांच्या मुलाने, म्हणजे आजोबांनी, माल वाहणाऱ्या मोटारींच्या फळ्या रंगवल्या आणि शहरातल्या पहिल्या चार बसगाड्यांना अंगभर पिवळा दिला. आजोबांच्या मुलाने ब्रश खाली ठेवून फवाऱ्याची बंदूक हाती घेतली, आणि धडकलेल्या गाडीचे दार असे रंगवून दिले की कुठले दार बदलले ते खुद्द मालकालाही बोट ठेवून सांगता येऊ नये. या तिघांच्या मागून कारखान्याच्या खुर्चीत बसली ती छटाताई. थोरला भाऊ होता, नाही असे नाही; पण त्याला जन्मापासून हिरवा आणि तपकिरी यांतला भेद कळत नसे. त्याने पोस्टात नोकरी धरली आणि शिक्के मारता मारता केस पिकवले. रंग बहिणीकडे आला, आणि रंगाबरोबर वहीही आली.

ही वही शर्यतींची. शहराबाहेरच्या धावपट्टीवर तिसऱ्या वळणाशी एक टेकाड आहे. पणजोबांपासून हे घर शर्यत पाहायला तिथेच बसते. शर्यत बेचाळीस फेऱ्यांची. प्रत्येक फेरीला गाड्या वळणावरून ज्या क्रमाने जातील त्या क्रमाने वहीत मांडायच्या, हे एका माणसाचे काम. बाकीच्यांनी पाहायचे, भांडायचे आणि अडले की वहीत डोकवायचे. डोकवावे लागेच, कारण क्रमांक असतो गाडीच्या नाकावर, आणि टेकाडावरून दिसते ती गाडीची पाठ आणि डावी कूस. इतर लोक तिथे गोंधळून जात. या घराला गोंधळ ठाऊक नव्हता. आकडा कारकुनाने वाचावा, आपण रंग पाहावा, अशी त्यांची रीत. एकाच चमूच्या दोन गाड्या एकाच नारिंगी रंगाच्या असल्या, तरी दोन डब्यांतला रंग कधी एक नसतो. एकात पिवळ्याचा थेंब जास्त पडतोच. तो थेंब दीडशे हातांवरून ओळखणे ही या घराची विद्या होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता. अभिमान असावाच. फक्त तो किती असावा, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते.

वहीच्या पहिल्या पानावर पणजोबांच्या हातचा एक नियम होता: लागोपाठ तीन शर्यती वही चुकली, तर लिहिणाऱ्याने ती खाली ठेवावी. तीन पिढ्यांत तसे कधी घडले नव्हते. एकदाच, बाबांच्या काळात, वहीचे आणि दरवाज्यावर लागणाऱ्या अधिकृत तक्त्याचे बिनसले होते. तक्ता लावणारे घड्याळकाका तेव्हा तरुण होते. बाबांनी त्यांना चारचौघांत आंधळा म्हटले. शब्दाने शब्द वाढला, आणि ठरले असे, की ज्याची चूक असेल त्याने टेकाडावर उभे राहून त्या शर्यतीच्या बेचाळीसही फेऱ्या दुरुस्त करून मोठ्याने वाचायच्या. ते वाचन झालेच नाही. वहीतल्या त्या पानाखाली बाबांनी दोन शब्द लिहून ठेवले: वाचन बाकी. कोणाकडून बाकी, हे विचारण्याची घरात कोणाला गरज वाटली नाही. अर्थात घड्याळकाकांकडून.

या मोसमात मात्र छटाताईला काही कळेनासे झाले होते.

नारिंगी चमूत दोन चालक होते. एक डावखुरा, टेकाडाचा लाडका. वळणात सर्वांत उशिरा ब्रेक दाबणारा, आत घुसायला हातभर जागा पुरे असणारा. दुसऱ्याला टेकाडावर कारकून म्हणत, कारण तो गाडी अशी चालवी की जणू प्रत्येक फेरीची पोच द्यायची आहे. दोन्ही गाड्या गेल्या वर्षी तिच्याच कारखान्यात रंगवल्या होत्या. कारकुनाची आधी, डावखुऱ्याची नंतर, दुसऱ्या डब्यातून. दुसऱ्या डब्यात पिवळा किंचित जास्त पडला, हे तिला नमुन्याचे कार्ड दाराशी उजेडात धरताच दिसले होते. तिने कोणाला सांगितले नाही. ती तिची खूण होती.

आणि त्या खुणेप्रमाणे वही सांगत होती, की पहिल्या शर्यतीत डावखुरा नववा आला आणि कारकून तिसरा. दरवाज्यावरच्या तक्त्यात नेमके उलटे. दुसऱ्या शर्यतीत डावखुरा दहावा, कारकून दुसरा. तक्त्यात पुन्हा उलटे. बक्षीससमारंभ दूर पलीकडच्या टोकाला होई आणि टेकाडावरची मंडळी गर्दी टाळून मागच्या वाटेने परतत, म्हणून चषक कोणाच्या हाती गेला ते कोणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. छटाताईने दोन्ही वेळा घड्याळकाकांना पत्र धाडले. दुसऱ्या पत्रात लिहिले, की वयपरत्वे घड्याळही तपासून घ्यावे लागते. पत्र सभ्य होते. टोचेल इतके सभ्य होते.

आज तिसरी शर्यत. दादा, वहिनी आणि घडीची खुर्ची घेऊन येणारे दंतवैद्य अशी नेहमीची मंडळी जमली होती. गाड्या नवव्या फेरीला वळणावरून गेल्या आणि छटाताईने पेन्सिल टेकवली. पिवळसर नारिंगी अकरावी. लालसर नारिंगी तिसरी.

"कितवा?" दादाने विचारले.

"अकरावा."

"संपला हा माणूस." दादाने शेंगदाण्यांची पुडी बंद करून खिशात घातली, जणू आता खाण्यातही अर्थ उरला नव्हता. "दोन वर्षांपूर्वी याच वळणावर एका दमात तिघांना मागे टाकलं होतं त्याने. आता बघ, शिकाऊ परवान्यावर असल्यासारखा चालवतोय."

"एकट्या त्यालाच कशाला बोल लावता, दादा?" दंतवैद्य म्हणाले. "शर्यतच बेचव आहे. पहिला पहिलाच, दुसरा दुसराच. गाडी गेली, परत आली, परत गेली. अहो, अक्कलदाढ काढताना याहून जास्त वळणं लागतात मला."

"तुमच्याकडे भूल तरी देतात," वहिनी म्हणाल्या. "इथे शुद्धीवर बसून सोसायचं."

वहिनी केस कापण्याचे दुकान चालवत. शर्यतीतले त्यांना काही कळत नाही, असे सर्वांनी वीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकले होते, आणि त्यांनीही ते खोडून काढण्याचे कष्ट घेतले नव्हते. त्या डोळ्यांवर हात धरून वळणाकडे पाहत होत्या.

"वन्सं, तो तिसरा गेला ना, तोच डावखुरा हो."

"तो कारकून आहे, वहिनी."

"मान बघा की त्याची. वळण यायच्या आधीच डावीकडे कलते. माझ्या खुर्चीत अशी माणसं बसली की मला आरसा हलवावा लागतो."

"दोघांच्याही डोक्यावर पांढरी शिरस्त्राणं आहेत. चेहरा दिसत नाही आणि तुम्हाला मान दिसते?"

"चेहरा मी कुठे कापते?" वहिनी म्हणाल्या. "मला मानेशीच काम."

दादा हसला, दंतवैद्य हसले. छटाताई हसली नाही. तिने पुढच्या फेरीला पेन्सिल हातात धरून नीट पाहिले. पिवळसर गाडी आली. वळणाच्या कितीतरी आधी तिने ब्रेक लावला, बाहेरून मोठा वळसा घेतला, कोणाच्या वाटेला न जाता निघून गेली. ती डावखुऱ्याची गाडी होती यात तिळमात्र शंका नव्हती. तो रंग तिने स्वतःच्या हाताने घोटला होता. आणि तो डावखुरा नव्हता, असे तिच्या पोटात कोणीतरी म्हणत होते. तिने वहीत अकरावा लिहिले, खोडले, पुन्हा अकरावा लिहिले. आजवर वहीत खाडाखोड झाली नव्हती. ती त्या खोडलेल्या शब्दाकडे अशी पाहत राहिली, की पुढची गाडी निसटता निसटता राहिली.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल, छोटे," दादा हळू आवाजात म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले.

"पिवळ्याचा थेंब दिसतोय मला."

"मग दिसत काय नाही?"

तिला सगळे दिसत होते, आणि जे दिसत होते त्याचा मेळ लागत नव्हता. पंचविसाव्या फेरीपर्यंत दंतवैद्यांनी हा मोसम कसा आजवरचा सर्वांत नीरस आहे, हे पाच कारणांनिशी सिद्ध केले. दादाने त्यांतली तीन खोडून काढली आणि स्वतःची चार जोडली. नवीन टायर फार टिकतात, हे एकाचे म्हणणे. टायरांचे काही नाही, माणसेच मऊ झाली, हे दुसऱ्याचे. दोघेही वाद घालताना अधूनमधून वहीकडे पाहत, आणि वही त्यांना सांगे, की लाडका अकरावा आहे. त्या एका शब्दाने त्यांची शर्यत नासली होती. छटाताईच्या प्रथमच मनात आले, की शर्यत मिळमिळीत आहे की वही?

बेचाळिसावी फेरी संपली. वहीप्रमाणे कारकून दुसरा, डावखुरा अकरावा.

"चला दरवाज्यावर," दादा म्हणाला. "आज बघूनच जाऊ. तक्ता जुळला तर ठीक. नाही जुळला तर नियम नियम आहे, छोटे. मी काही वही लिहीत बसणार नाही, तुला ठाऊक आहे. बासनात बांधून ठेवू. छापील तक्ता मिळतोच आहे."

तक्ता दरवाज्याशी फळ्यावर टाचलेला होता. दोन: डावखुरा. अकरा: कारकून. बाजूला स्टुलावर घड्याळकाका बसले होते, गळ्यात दोरीने अडकवलेले घड्याळ, मांडीवर डबा. त्यांनी छटाताईकडे पाहिले. तिची दोन्ही पत्रे त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून डोके वर काढून होती.

दादाने हात पुढे केला. वहीसाठी.

"थांब," छटाताई म्हणाली. "मला गाडी जवळून बघू दे."

या घराने गाडी कधी जवळून पाहिली नव्हती. म्हणजे कारखान्यात रोज, पण धावपट्टीवर कधीच नाही. खाली उतरून गाड्यांच्या छपरीत डोकावणे, हे त्यांच्या लेखी नाटक सोडून रंगपटात शिरण्याइतके हलके होते. छटाताई वही छातीशी धरून उतरली. छपरीत गरम रबराचा वास होता, आणि दोन नारिंगी गाड्या शेजारी शेजारी निवत होत्या. ती पिवळसर गाडीपाशी गेली. डावीकडच्या मडगार्डवर तिच्याच कारागिराच्या हातून राहिलेला एक ओघळ होता, तांदळाएवढा. गाडी तीच. ती वळसा घालून पुढे आली. नाकावर क्रमांक होता कारकुनाचा.

"हा क्रमांक या गाडीवर कसा?"

चाकाशी बसलेल्या मिस्त्रीने मान वर केली. "मोसमाच्या सुरुवातीला अदलाबदल केली, बाई. डावखुऱ्याच्या गुडघ्याचं दुखणं. ह्या गाडीत पाय लांब करता येत नाही, त्या गाडीत येतो. मग ती त्याला दिली, ही ह्याला. क्रमांक तेवढे बदलले."

"आणि रंग?"

"रंगाचं काय? रंग एकच आहे."

"एकच?"

"दोन्ही नारिंगीच ना," मिस्त्री म्हणाला आणि पुन्हा चाकाकडे वळला.

छटाताई दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभी राहिली. एकीकडे पिवळा थेंब, दुसरीकडे तो नसलेला. तिच्या दृष्टीने आंबा आणि वीट यांच्यातल्याइतका उघड भेद. तिने एकही फेरी चुकीची पाहिली नव्हती. तीन शर्यती, एकशे सव्वीस फेऱ्या, प्रत्येक गाडी अचूक. फक्त गाडीतला माणूस दुसराच. तिने डावखुऱ्याला कारकून म्हणून मांडले होते, कारकुनाला संपलेला डावखुरा म्हणून हळहळले होते, आणि वाद, जांभया, पाच कारणे, सगळे त्या एका गैरसमजावर रचले गेले होते. मग आपण बरोबर होतो की चूक? हा प्रश्न तिने स्वतःला दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा वेगळे उत्तर आले.

आणि मग, त्या दोन गाड्यांच्या मध्ये उभे असताना, तिच्या मनात बाबांची ती शर्यत आली. तीही एकाच चमूच्या दोन गाड्यांवरूनच बिघडली होती. करड्या होत्या, दोघे भाऊ चालवत.

ती दरवाज्याशी परत आली तेव्हा गर्दी पांगली होती. दादा आणि वहिनी फळ्याला टेकून उभे होते, दंतवैद्य खुर्ची उघडून बसले होते. घड्याळकाका डबा बंद करत होते.

"काका," ती म्हणाली. बोलणे त्यांच्याशी जन्मात पहिल्यांदा. "त्या करड्या गाड्या. बाबांच्या वेळच्या. त्यांत काय झालं होतं?"

म्हाताऱ्याने डब्याचे झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिले. "आदल्या दिवशी सरावात एक गाडी धडकली होती. मग रातोरात दोन्ही गाड्या उघडून जोडताना हिचा मागचा अर्धा भाग तिला लागला आणि तिचा हिला. तुम्ही लोक पाठ बघता. पाठच बदलली होती."

"बाबांना हे कधीच कळलं नाही?"

"कळलं की. महिन्याभराने त्यातली एक तुमच्याच कारखान्यात आली ना रंगवायला. मग ते माझ्या घरी आले होते. दारात उभे, काखेत वही. माझी बायको आत या म्हणाली, चहा टाकते म्हणाली. गाडी नीट लावून येतो, असं सांगून गेले." काका थांबले. "मी चहा झाकून ठेवला होता बराच वेळ."

छटाताईला त्या पानाखालचे दोन शब्द आठवले. तिसाहून जास्त वर्षे त्या शब्दांकडे पाहून घरातला प्रत्येक जण घड्याळकाकांच्या नावाने बोटे मोडत आला होता. आणि लिहिणारा ते स्वतःबद्दल लिहून गेला होता. बाबा ताठ मानेचे होते. त्याच मानेमुळे ते दारात उभे राहू शकले आणि उंबरा ओलांडू शकले नाहीत, हे तिला कळले, आणि तरी पूर्ण कळले नाही. बाप एवढा मोठा माणूस, आणि अडला कशाला, तर एका कप चहाला?

"काका, पुढच्या शर्यतीला टेकाडावर याल?"

"चढवत नाही आता."

"मी खुर्ची देतो," दंतवैद्य म्हणाले. "आणि दादा हात देतील. पोस्टाचे हात आहेत, ओझ्याची सवय आहे त्यांना."

पुढच्या शर्यतीच्या दिवशी गाड्या सुटायला दीड तास असताना घड्याळकाका टेकाडावर पोहोचले. मध्ये तीनदा बसले, एकदा परत जातो म्हणाले. दंतवैद्यांच्या खुर्चीत त्यांना बसवले, आणि छटाताई सर्वांसमोर उभी राहिली. हातात दोन वह्या होत्या: बाबांची जुनी आणि तिची. जुन्या वहीत तिने आठवडाभर बसून, काकांकडून त्या वेळचा तक्ता आणून, प्रत्येक फेरीच्या ओळीखाली दुरुस्त ओळ लिहिली होती. बाबांचे अक्षर तिने खोडले नव्हते. ते जसेच्या तसे वर होते.

"पहिली फेरी," तिने सुरुवात केली. "पहिला निळा. दुसरा करडा, थोरल्याचा नव्हे, धाकट्याचा. वहीत थोरल्याचा लिहिला आहे. ते चूक."

आवाज चढा होता, कारखान्यात कारागिरांना हाक मारण्याचा. खाली रस्त्याने चाललेले लोक मान वर करून पाहू लागले. तिने दुसरी वाचली, तिसरी वाचली. प्रत्येक फेरीला शेवटी तेच शब्द आले. ते चूक. काका डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक फेरीला घड्याळाची कळ दाबत होते.

फेऱ्या वाचणे हे फेऱ्या पाहण्याहून कंटाळवाणे असते. बाराव्या फेरीला दंतवैद्यांनी जांभई दाबली, ती दोन दातांमधून निसटली. दादा गवताची काडी चघळत होता. छटाताईला वाचता वाचता मध्येच भास व्हायचा की वरची ओळच खरी आहे आणि खालची कोणी तिच्याकडून लिहून घेतली आहे. बाबांचे अक्षर इतके ठाम होते. किती पाने अशीच ठाम आणि चुकीची असतील? आजोबांची? पणजोबांची? तिला कळत नव्हते, आणि आता विचारणार कोणाला? तिने बोट खालच्या ओळीवर घट्ट धरले आणि वाचत राहिली.

एकोणिसाव्या फेरीला तिचा घसा बसला. वहिनींनी पाण्याची बाटली पुढे केली.

"पुरे आता, वन्सं. पोचलं त्यांच्यापर्यंत."

छटाताईने काकांकडे पाहिले. काकांनी डोळे उघडले नाहीत.

"एकोणीस झाल्या," ते म्हणाले.

ती पाणी प्यायली आणि तिने विसावी वाचली.

तिसाव्या फेरीनंतर दादाने काडी टाकून दिली आणि उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. पस्तिसाव्या फेरीला तिचा आवाज पुरता फुटेना, तेव्हा त्याने वहीत डोकावून ओळ वाचली. काकांनी हात वर केला.

"तो नाही. वही जिच्याकडे आहे तिने."

दादा मागे सरला. छटाताईने ती ओळ पहिल्यापासून वाचली, घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द सोडवून. खाली गाड्यांची यंत्रे सुरू होऊ लागली होती, म्हणून शेवटच्या फेऱ्यांना तिला काकांच्या कानाशी वाकावे लागले.

"बेचाळिसावी. पहिला करडा, धाकट्याचा. दुसरा निळा. तिसरा करडा, थोरल्याचा. वहीत पहिला थोरल्याचा लिहिला आहे. ते चूक. तक्ता बरोबर."

काकांनी कळ दाबली आणि घड्याळ उलटे करून मांडीवर ठेवले. मग सदऱ्याच्या खिशातून तिची दोन पत्रे काढून तिच्या हाती दिली.

छटाताईने आपली वही वहिनींच्या मांडीवर ठेवली. नियम नियम होता.

"मला रंगातलं काय कळतंय?" वहिनी म्हणाल्या.

"मान बघा," छटाताई म्हणाली. "आणि नाव सांगा. मी रंग सांगीन. दोन्ही जुळले तरच लिहा."

गाड्या पहिल्या फेरीला तिसऱ्या वळणाकडे यायला लागल्या. छटाताईने पेन्सिल उचलली, बाबांचे जुने पान मांडीवर पसरले, आणि तळाशी, 'वाचन बाकी' या शब्दांच्या पुढे, तारीख घालून लिहिले: पूर्ण झाले.